यादवशेठची निफाडची फेरी

...आणि वर फोरमन काय म्हणतो, ‘साहेब, पाना ठेवा, हात काळे होतील!’ कुणाला? आमच्या यादवला! अहो, ज्यानं द्वारका नाक्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकट्यानं फवारणीचे पंप बनवले, एकेक सांधा स्वतः डाग देऊन जोडला, त्याला! तुम्हाला सांगतो, तेव्हा आठवड्याला चार पंप व्हायचे. गिऱ्हाईक बाकड्यावर बसून चहा प्यायचं, द्राक्षांवरच्या भुरी रोगाचं गाऱ्हाणं याच्याकडे सांगायचं... आता चौऱ्याऐंशी साली सातपूरला कारखाना, चाळीस कामगार, दिवसाला तीस पंप, आणि यादव कुठं? काचेच्या केबिनमध्ये! सह्या करतोय! का? धंदा वाढलाय ना!

घरी लतावहिनींना म्हणाला, ‘रोज तासभर खाली मशीनवर बसू का गं?’ तर त्या म्हणाल्या, ‘अहो, मग टेलिफोन कोण घेईल? धंदा वाढलाय ना!’

त्या सोमवारी निफाडहून तक्रार आली, पंप गळतोय. आता इतक्या हातांतून गेलेला पंप, कुणी वायसर तिरका बसवला कुणास ठाऊक... फोरमन म्हणाला, ‘उद्या माणूस पाठवतो.’ यादव उठलाच! पिशवीत पाने टाकले, मला म्हणाला, ‘चल, मागं बस,’ आणि स्कूटर अशी पिटाळली, अहो, मी डोळेच मिटून घेतले!

मळ्यात तक्रारवाले पुंजारामबाबा. त्यांनी यादवला कधी पाहिलेलं नाही. यादवनं मांडी घातली, पंप खोलला, नवा वायसर तेलात भिजवून बसवला, दट्ट्या वरखाली करत कान लावून ऐकला. ऐकला हो! अर्ध्या तासाचं काम, तीन तास पुरवलं! मी म्हटलं, ‘अरे, कारखान्यात मुंबईची पार्टी खोळंबली असेल!’ ‘बसू दे,’ म्हणाला, आणि शेजारच्या मळ्यातला धडधाकट पंप मागवून तोही खोलला! गुणगुणत होता, तुम्हाला सांगतो... पाच वर्षांत मी त्याला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

निघताना बाबा म्हणाले, ‘मिस्त्री, लय जीव लावून काम केलं बरं का! तुमच्या साहेबाला यातलं काय कळतंय, खुर्चीत बसून? पुढल्या टायमाला तुम्हीच या.’

मी तोंड उघडणार, तेवढ्यात यादवनं माझा हात दाबला.

‘यायचं फार मनात आहे, बाबा,’ म्हणाला, ‘पण साहेब लय वाईट... सोडतच नाही.’