आकाशी फ्रॉक, केळीचा चीक

...नाही, ते सगळं राहू द्या बाजूला, मला फक्त एवढं सांगा, त्या बाईला हे कोणी सांगितलं? पुस्तक लिहिणाऱ्या बाईला हो. कुठली ती, कुठल्या देशातली, तिथं म्हणे निम्मं वर्ष दारात बर्फ, आणि आम्ही इथं रावेरला, मे महिन्यात दाराच्या कडीला हात लावला तर हात पोळतो, मग तिचा आमचा संबंध काय? तिनं केळीची बाग पाहिली नसेल, आमची गल्ली पाहिली नसेल, माझी सून कुंदा रागात पोळपाट कशी आपटते ते ऐकलं नसेल, आणि तरी माझ्या घरात काय घडणार ते ही बाई मी जन्मायच्या आधी लिहून मोकळी झाली. माणसानं चकित व्हावं तरी किती?

पुस्तकाचं नाव विचाराल तर ते मलाही ठाऊक नाही. कव्हर गेलेलं, पहिली पानं गेलेली. आमच्या वाचनालयात चुडामण बसतो, तो म्हणाला, "आजी, हे लहान पोरांचं पुस्तक हाये, भाषांतराचं." म्हटलं, "मग मी कोणत्या मोठ्या शाळेत शिकले बाबा?" शाळेचा उंबरा मी ओलांडलेला नाही. मी वाचायला शिकले किराण्याच्या पुड्यांवर, आणि शिकले ती अशी शिकले की आता मास्तरांच्या चुका काढते. पुडीवर अर्धी बातमी असायची, उरलेली अर्धी हळदीबरोबर दुसऱ्याच्या घरी गेलेली. तेव्हा पहिली पानं नाहीत म्हणून माझं काही अडत नाही, माझा जन्म मधूनच वाचण्यात गेला.

तर पुस्तकात दोन बहिणी. नावं अशी की दातांत अडकतात, म्हणून मी आपलं थोरली आणि धाकटी म्हणायची. गरीब घर, बाप पाणचक्कीवर कामाला, आणि गावच्या धान्यव्यापाऱ्याकडं नाचगाण्याची पार्टी. घरात एक हिरवा मखमली झगा, तो आधी थोरलीनं दोन पार्ट्यांना घातलेला, आता थोरली उंच झाली म्हणून तिला नवा, आणि हा हिरवा धाकटीला. धाकटी म्हणते, मी घालणार नाही, सगळं गाव ओळखेल. आता मला सांगा, त्या देशात भांडीवाली येत नाही की काय? आमच्याकडं जुन्या कपड्यांवर स्टीलचं पातेलं मिळतं, आणि पातेल्याला कोणी विचारत नाही की बाई तू कोणाच्या साडीवर आलीस. पण नाही, तिथंही धाकटीच्याच गळ्यात.

मी स्वतः धाकटी. माझी थोरली बहीण भिकुबाई, आता धुळ्याला देवपुरात मुलाकडं असते. तिचे परकर मी घातले, तिच्या चोळ्या मी घातल्या, तिच्या पायांचा आकार घेतलेल्या चपलांत माझे पाय कोंबले. त्या मखमली झग्याचं वाचताना मला माझ्या काखेत भिकुबाईच्या चोळीची शिवण टोचली, खरं सांगते. आणि मी पुस्तक मांडीवर ठेवून भिंतीकडं पाहत बसले, की ह्या बाईला कोणी सांगितलं?

पण खरा चमत्कार पुढंच आहे, ऐका.

माझ्या दोन नाती, माझ्या मुलाच्या, जीवरामच्या मुली. थोरली हेमलता, तेरा वर्षांची, बांबूसारखी वाढलेली. धाकटी चंदी, दहाची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पुखराजशेठचं कापडाचं दुकान आहे, त्यांच्या नातीचा, बेबीचा, वाढदिवस रविवारी. तेव्हा आमच्याकडं वाढदिवसाची पार्टी म्हणजे नवीनच प्रकार, आमच्याकडं पोराला ओवाळतात आणि संपलं. तिथं मात्र केक येणार जळगावहून, मेणबत्त्या लावणार आणि बेबी त्या तोंडानं फुंकून विझवणार. पेटलेला दिवा माणूस आपणहून विझवतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात, हे चंदीच्या डोक्यात शिरेना. तिला ते पाहायचंच होतं. झोपेतही फू फू करायची.

अडचण एकच. फ्रॉक.

हेमलताचा आकाशी साटीनचा फ्रॉक होता, तीन झालरी, गळ्याला मोती, पाठीवर बटणं, कमरेला पट्टा. गेल्या वर्षी बेबीच्याच पार्टीला घातलेला, घेतलेला पुखराजशेठच्याच दुकानातून. आता हेमलताला तो बसेना म्हणून तिला नवा पंजाबी ड्रेस, आणि कुंदानं आकाशी फ्रॉक इस्त्री करून चंदीपुढं धरला.

"मी नही घालणार," चंदी म्हणाली.

"काब्रं?"

"तिचा उतरलेला हाये."

"अगं पण नवाच दिसतो."

"दिसतो. हाये नही. बेबी ओळखीन. तिच्या आजीनंच तर मापून दिला व्हता."

कुंदा म्हणाली, "मग राहाय घरी." पोळपाट आपटला. चंदी कोपऱ्यात. आणि गंमत पाहा, हेमलता, जिच्या गुडघ्याच्या वर जातो तो फ्रॉक, जिच्या पाठीवर त्याचं एक बटण लागत नाही, ती म्हणते, "नको घालू दे तिले. माझा हाये तो." म्हणजे घालायचाही नाही आणि द्यायचाही नाही. ह्याला काय म्हणावं?

मी म्हटलं, बसा दोघी, पुस्तक वाचते. रोज दुपारी ओसरीवर मी त्यांना वाचून दाखवायचे, कुंदा आतून गहू निवडत ऐकायची आणि वर म्हणायची, "आत्याबाई, त्या गोऱ्यांच्या पोरींचं ऐकून आपलं पीठ दळलं जातं का?" त्या दिवशी नेमकं असं प्रकरण आलं की धाकटी फडताळातून कुठल्याशा जांभळ्या फळाचा मुरांबा काढते आणि तो हिरव्या झग्यावर सांडते. चुकून नाही हो. बरणी हळूच कलती करून. झगाच खराब झाला तर नवा आणावाच लागेल, असा हिशेब. मी वाचत होते, आणि चंदी अशी निश्चल बसली होती, मला वाटलं पोरीला वाचनाची गोडी लागली. मला अभिमान वाटला हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाची आरोळी. फ्रॉकवर, पुढच्या बाजूनं, पोटापासून खालच्या झालरीपर्यंत काळपट तपकिरी पट्टा.

आता तुम्ही रावेरकडचे असाल तर तुम्हाला सांगायला नको, आणि नसाल तर सांगते. केळीचा चीक. खोडाला चिरा दिला की पाण्यासारखा निथळतो, बोटाला लावला तर रंगही दिसत नाही, कपड्यावर पडला तर वाटतं पाणीच आहे, वाळेल. तो वाळतो आणि काळा पडतो, आणि मग ब्रह्मदेव आला तरी निघत नाही. म्हणून तर आमच्याकडं बागेत जाताना माणूस सगळ्यात फाटका सदरा घालतो. आमच्या मोरीमागं एक केळ आहे, त्याच्या खोडावर ताजा चिरा, शेजारी विळा. पुरावा शोधायला लांब जावं लागलं नाही.

मी तर तोंडात बोट घातलं. मुरांबा आमच्या घरात नाही, मखमल नाही, पाणचक्की नाही, तर पोरीनं काय केलं, जे होतं त्यात केलं. भाषांतर म्हणतात ते हेच ना? आणि तिकडं ती बाई, कधीची मरून गेलेली, तिनं बर्फात बसून माझ्या नातीच्या मनातलं लिहिलेलं. तिला कोणी सांगितलं? मला तर घरात राहून कळलं नव्हतं.

कुंदानं लिंबू चोळलं, रॉकेल लावलं, सोडा लावला. डाग आणखी स्वच्छ दिसायला लागला. तिनं लाटणं उचललं आणि चंदीकडं निघाली, आणि मधेच थांबली. माझ्याकडं वळली. "आत्याबाई," आवाज एकदम खाली, "ती पुस्तकातली माय पुढं काय करते?"

बघा. जिचं पीठ दळलं जात नव्हतं ती.

मी चष्मा लावला. चौघी ओसरीवर, चंदी रडत, कुंदाच्या हातात लाटणं तसंच, आणि मी वाचते आहे. पुस्तकातली आई काहीच करत नाही. ती दळण आणायला निघून जाते. आणि मग पुढं असं लिहिलंय की थोरली तो डागाळलेला झगा उचलते, आपल्या गालाला लावते आणि हुंदके देऊन रडते. कारण तिला नवा झगा नकोच होता. तिला तो हिरवाच आवडायचा, फक्त ती त्याच्यात मावत नव्हती. धाकटीला वाटतं, थोरलीला नवं मिळतं. थोरलीला वाटतं, माझं आवडतं मला सोडून हिच्या अंगावर मिरवतंय आणि मी ते डोळ्यांनी पाहायचं.

मी वाचता वाचता थांबले, कारण नाक ओढल्याचा आवाज चंदीकडून नव्हता येत. हेमलता. गुडघ्यात डोकं घालून. "माझा फ्रॉक व्हता तो," म्हणाली, "तुले नको व्हता तर मले सांगायचं ना, मी ठिवला असता पेटीत. असा चीक कशाले लावला?"

चंदीनं तिच्याकडं असं पाहिलं जसं आयुष्यात पहिल्यांदा पाहते आहे. आणि मी? साठ वर्षं मी धाकटी. साठ वर्षं मला वाटलं, दुःख तेवढं आपल्या वाट्याला आलं. भिकुबाई चोळी माझ्याकडं फेकताना हातात क्षणभर धरून का ठेवायची, ते मला एका न पाहिलेल्या परदेशी बाईनं रावेरच्या ओसरीवर सांगावं... तुम्ही देव पाहिला असेल, मी नाही पाहिला. पण त्या दुपारी अंगावर जो काटा आला तो अजून गेलेला नाही.

बरं, काट्यानं पार्टी होत नाही. रविवार आला. नवा फ्रॉक मिळणार नाही हे कुंदानं लाटण्याच्या भाषेत सांगितलेलं. चंदी म्हणे, डागवाला घालून गेले तर सगळ्या हसतील, आणि नाही गेले तर मेणबत्त्या राहतील. मग मीच म्हटलं, उलटा घाला. पाठ पुढं, पोट मागं. बटणं छातीवर आली, पट्ट्याची गाठ पोटावर आली, पुढून पोरगी अशी दिसली की मुंबईची म्हणावी. मागून मात्र केळीचा ट्रक भरून आल्यासारखी.

"मी चालते मागं," हेमलता म्हणाली.

"माझ्यासाठी?" चंदी.

"तुह्यासाठी नही. फ्रॉकसाठी. त्याची इज्जत जाईन."

मी गेले सोबत. पुखराजशेठच्या बैठकीत पोरींचा गोंधळ, आणि त्यात माझ्या ह्या दोघी, पुढं चंदी, मागं हेमलता, मधे वारा जाणार नाही. चंदी केककडं सरकली की हेमलता सरकली. चंदी वाकली की हेमलता वाकली. संगीत-खुर्ची लावली तर दोघी एकामागं एक धावल्या आणि एकाच खुर्चीवर बसल्या, एकीच्या मांडीवर एक, आणि कोणी उठायला तयार नाही. मेणबत्त्या फुंकल्या तेव्हा चंदीचे डोळे असे मोठे झाले, आणि तिच्या खांद्यावरून हेमलताचे दोन डोळे, तेवढेच मोठे. गेल्या वर्षी तिनंही पाहिलं होतं म्हणे, पण तेव्हा तिच्यापुढं पाहणारं कोणी नव्हतं.

बेबीची आजी सायरबाई माझ्याशेजारी बसलेली. तिनं माझा हात धरला. "मंजुळाबाई, देखो तो, छोटीला एक मिनिट सोडत नाही मोठी. अशी माया आजकाल कुठे? आमच्या बेबीला बहन नाही, तिला काय ठाऊक." मी म्हटलं, "हो बाई, फार माया." दुसरं काय म्हणणार? शिवाय खोटं म्हटलं की खरं, हे मलाच तेव्हा नीट सांगता आलं नसतं. तिनं बटणांकडंही पाहिलं आणि शेठना हाक मारली, "अहो सुनिये, पुढे गुंडीवाले फ्रॉक मागवा सुरतहून, नवा फॅशन आलाय."

घरी येताना दोघी हातात हात घालून. मी म्हटलं, झालं, पोरी शहाण्या झाल्या, पुस्तकानं काम केलं. पुस्तकातही पुढं तसंच होतं, दोघी एका पांघरुणात झोपतात आणि पुस्तक संपतं. लिहिणारीनं बरोबर जागा पाहून संपवलं हो. तिला कोणी सांगितलं, की याच्यापुढं लिहायचं नसतं?

कारण सोमवारी सायरबाईनं नोकराबरोबर पुडकं पाठवलं. "बहनांच्या प्रेमासाठी." आत बेबीचा एक जरीचा घागरा, बेबीला आखूड झालेला. म्हणजे उतरलेलाच. मी म्हटलं, आता चंदी फेकते दारात. तर चंदीनं तो छातीशी धरला. "माझा हाये."

मी म्हटलं, "अगं, उतरलेला हाये तो."

"उतरलेला काब्रं? शेठच्या घरचा हाये."

"दोघींसाठी पाठवलाय," हेमलता म्हणाली आणि दुसऱ्या बाजूनं धरला. मग जो काय गोंधळ झाला, कुंदाचं लाटणं, जीवरामची हाक, जरीचा टर्रकन आवाज...

मी पुस्तक उचललं, वाचनालयात गेले आणि चुडामणपुढं ठेवलं. म्हटलं, "बाबा, ज्यात बहिणी नाहीत असं काहीतरी दे."

त्यानं कपाटात बरंच शोधलं. म्हणाला, "आजी, दोन भावांचं हाये एक. चालीन?"

घेतलं. न घेऊन करते काय? माझ्या दोन्ही मुलांत मिळून ट्रॅक्टर एकच आहे, पुढं काय होणार ते आधी कळलेलं बरं.