भुसा भरलेल्या रानडुकरावर झाडलेल्या गोळीबाबत

नाव: ओळखपत्रावर आहे ते, बाजारात मला भिंगवाले म्हणतात. वय: एकसष्ट. धंदा: जुन्या शिकारी बंदुका ओळखणे व त्यांची किंमत सांगणे. राहणार: घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर, पहिला मजला.

विचारल्यावरून समक्ष सांगतो की, मी वरील पत्त्यावर एकटाच राहतो. माझे कोणाशी भांडण नाही. आज सकाळी दोन भावांनी मला त्यांच्या घरी बोलावून नेले. त्यांच्या वडिलांची जुनी रायफल विकायची होती आणि ती कुठल्या देशाची, केवढ्याची, हे त्यांना माझ्याकडून हवे होते. वडिलांना मी या जबाबात आजोबा म्हणेन. ते कारखान्यात फोरमन होते. तिथला परदेशी मॅनेजर मायदेशी परत जाताना रायफल त्यांना देऊन गेला. परवाना आजोबांच्याच नावावर आहे.

दिवाणखान्याच्या भिंतीवर रानडुकराचे भुसा भरलेले मुंडके आहे, म्हणजे आज सकाळपर्यंत धड होते. रायफल त्याच्या खालीच टांगलेली होती. मी ती उतरवायला गेलो तर आजोबांनी मला खुर्चीत बसवले आणि आधी शिकारीची हकिगत सांगितली. संध्याकाळची वेळ, हे डुक्कर झुडपातून सरळ अंगावर आले, आजोबा जागचे हलले नाहीत, एकच गोळी, कपाळाच्या मधोमध. थोरल्या मुलाचे ओठ त्यांच्या बरोबरीने हलत होते. मध्येच त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा, ओढा राहिला." आजोबांनी हकिगतीत मागे जाऊन ओढा घेतला. डुकराच्या कपाळावर भोक दिसत नव्हते. भुसा भरणारे कारागीर भोक बुजवतात, म्हणून मी काही बोललो नाही.

मग मी काम सुरू केले. काडतुसे आहेत का, असे मी आधी विचारले होते. थोरले म्हणाले, "घरात एकही नाही." धाकट्यांचे म्हणणे होते की रायफल इंग्लिश आहे, त्यांनी मोबाइलवर बघितले आहे. मी त्यांना सांगितले की मोबाइलला लाकडाच्या आतले दिसत नाही. लाकूड सोडवून नळी उलटी केली तर खाली मुकुटाचे शिक्के होते. हे शिक्के जर्मन चाचणीघराचे, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे. रायफलला दोन चाप आहेत. आधी मागचा ओढायचा, खट् असा आवाज येतो. त्यानंतर पुढचा इतका हलका होतो की बोट टेकले की गोळी सुटते. दोन चाप म्हणजे एका वेळी दोन गोळ्या का, असे थोरल्यांनी विचारले.

लाकूड परत बसवले, नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट काढला आणि नळी खिडकीच्या उजेडात धरली. आतले आटे काल कापल्यासारखे धारदार होते. बोल्टच्या तोंडावर काडतुसाच्या पितळेची खूण उमटते, ती नव्हती. कारखान्यात भरलेले ग्रीस कोपऱ्यात वाळून बसले होते. चाचणीघरात उडवली ती उडवली. पुढे या रायफलने गोळी पाहिलेली नव्हती. मला इतका आनंद झाला की माझे भान सुटले. माझा एक डोळा नळीत होता आणि दुसरा मिटलेला, त्यामुळे खोलीत कोणाचा चेहरा कसा आहे हे मी पाहिले नाही. मी मोठ्याने म्हणालो, "अहो, कोरी आहे ही. एकदासुद्धा वापरलेली नाही. किंमत तिप्पट धरा."

धाकट्यांनी थोरल्यांना टाळी दिली. सूनबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मग ह्याला कुणी मारलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. थोरले म्हणाले, "जाऊ द्या ना बाबा, तिप्पट म्हणतायत ते." आजोबांना ते लागले. मला समोर दिसत होते, मुलांना दिसले की नाही ते सांगता येत नाही.

आजोबांनी माझ्या हातून रायफल घेतली आणि बोल्ट आपल्या हाताने बसवला. नंतर सूनबाईंकडून चष्म्याचे घर मागून घेतले. त्यांना शिक्के वाचायचे असतील असे मला वाटले. त्या घरातून त्यांनी चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि चष्म्याखालचे काडतूसही काढून रायफलमध्ये भरले. इतके जुने काडतूस बहुतेक वेळा फुसके निघते, म्हणून मी ओरडलो नाही. ही माझी चूक धरावी. ते सूनबाईंना म्हणाले, "तू जरा बाजूला हो, बाळ." मग मागचा चाप ओढला. खट् झाले. पुढच्याला बोट टेकवले.

काडतूस फुसके नव्हते. डुकराशिवाय कोणालाही इजा झाली नाही. त्याच्या कपाळातून बराच वेळ भुसा टीव्हीवर सांडत होता. कानातले दडे कमी झाल्यावर आजोबा मला म्हणाले, "आता बघा नळीत. कोरी आहे?"

मी पाहिले आणि म्हणालो, "नाही, आजोबा."

शेजाऱ्यांनी फोन केल्यामुळे पोलीस आले. ते येण्याआधी दोघा भावांनी मला स्वयंपाकघरात नेऊन विनवले की, पुसताना चुकून उडाली असे सांगा, म्हणजे बाबांवर बालंट येणार नाही आणि परवानाही वाचेल. त्यांच्या मनात वाईट नव्हते. पण ठाण्यात येताना गाडीत आजोबा माझ्या शेजारी होते. ते हळूच म्हणाले, "लायसन जाऊ दे. चुकून म्हणू नका."

तरी साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, गोळी चुकून सुटलेली नाही. मागचा चाप आपोआप ओढला जात नाही. आजोबांनी उभे राहून, कशाचाही आधार न घेता, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेम धरला, आणि गोळी कपाळाच्या मधोमध लागली. मी मोजून खात्री केली आहे. या डुकराला पूर्वी कोणी मारले हे मला ठाऊक नाही, ते माझ्या धंद्यातही येत नाही. या धंद्यात मी पुष्कळ शिकारी ऐकल्या. डोळ्यांदेखत झालेली ही एकच.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. शेवटचा भाग त्यांनी माझ्या विनंतीवरून दार उघडे ठेवून, बाहेर बसलेल्या आजोबांना व त्यांच्या मुलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, दोनदा वाचला.