चटईवरचे नाना

मूर्ख मीच! आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला शोधायचा त्रास नको. परिषदेचं चित्र बॅनरवर कशाला, चटईवरच विणू या, ही अक्कल माझी! कुणी विचारलं होतं का? नाही! चटई कारखानदारांची परिषद, मग चित्र चटईवरच हवं, असं मी मिटिंगमध्ये टेबलावर हात आपटून बोलले, आणि घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, आज काय बोलले मी! तो म्हणाला, भाजी जळतेय.

तुम्हाला सांगते, जळगावात चित्रं काढून पोट भरायचं म्हणजे काय? वाढदिवसाचे फ्लेक्स! भावी नगरसेवकाच्या मागे सूर्य काढा, पुढे वाघ काढा, खाली मित्रमंडळाची डोकी द्राक्षांच्या घडासारखी लटकवा... इतकी वर्षं तेच! त्यात ही परिषद चालून आली. खानदेशातल्या झाडून सगळ्या चटईवाल्यांची, एक वर्ष जळगावला, एक वर्ष धुळ्याला. चित्र पास झालं की दरवर्षीचं काम माझं, आणि त्या वाघाच्या तावडीतून मी सुटले! मग जीव ओतला हो मी. लांबच लांब चटई काढली, दरवर्षी थोडी पुढे उलगडत जाणारी. यंदा तिच्यावर पापड वाळत घालणारी बाई, पुढच्या वर्षी तिच्या शेजारी अभ्यासाला बसलेली पोरं, त्याच्या पुढच्या वर्षी लग्नघरात घोरणारे वऱ्हाडी...

अध्यक्ष प्रेमराजभाऊ, जळगावचे. नाक असं सरळ की फूटपट्टी ठेवून घ्या. त्यांनी डोळे भरून पाहिलं आणि म्हणाले, "बठ्ठं झकास शे ताई, फक्त..."

सगळं झकास, आणि वर हे 'फक्त' ऐकलंत? यानेच माझं वाटोळं केलं!

"फक्त ही बाई कोणाच्या घरची?" अहो भाऊ, चित्रातली बाई, कोणाच्याच घरची नाही! "तेच ना! मग लोक कोणाचंही नाव जोडतील."

बाई गेली. धुळ्याचे वना आबा, मिशा अशा की एकेका बाजूला कपडे वाळत घाला, ते म्हणतात, "बठ्ठं झकास शे बहीन, फक्त चटईनं जळगावकडलं टोक लांब दिखस." आता चित्रातल्या चटईला जळगावकडचं टोक कुठून आलं? पण दोन्ही गावं इरेला पेटली! शेवटी एकमत कोणावर झालं? जो भांडायला येणारच नाही अशा माणसावर. कैलासवासी यादवनाना! परिषद सुरू केली त्यांनी, आणि नियमही त्यांचाच, परिषदेत खुर्ची नाही. चटईवालाच खुर्चीवर बसला तर चटई घेणार कोण? मंत्री आला तरी खाली मांडी घालेल!

बरं, नानांचा फोटो एकच. कोणाच्या तरी लग्नात जेवताना, गालात लाडू, नाक बसकं. त्यावरून मी चेहरा काढला. हुबेहूब! "बठ्ठं झकास शे ताई, फक्त नाक जरा सरळ करा, अध्यक्षाला शोभेल असं." केलं. केल्यावर मला ते नाक ओळखीचं वाटायला लागलं... समोरच बसलेलं! मग वना आबा. "फक्त मिशी जराशी दमदार." आबा, नानांना मिशीच नव्हती! "नव्हती. पन राहती, तर अशीच राहती." काढली! लाज कुठे होती मला? दरवर्षीचं काम दिसत होतं ना!

आणि विणले नाना. हॉलभर! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत!

यंदा परिषद धुळ्याला. तिथला उन्हाळा, पंखे गरम हवा ढवळतायत. कारखानदार आले, चपला काढल्या, दारात थबकले. का? अहो, खाली नाना! पाय ठेवायचा कुठे? डोळ्यावर? सगळे काठाच्या कोऱ्या पट्टीवर, भिंतीला पाठ लावून पालीसारखे उभे! खाली बसावं तर नाना, खुर्ची मागवावी तर नानांचाच नियम! प्रेमराजभाऊ माझ्यावर खेकसले, "ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला सुचायला नको?" मला? आणि तुम्ही जन्मभर चटया विकताय, लोक त्यावर काय करतात असं वाटत होतं तुम्हाला?

कोणीतरी ओरडलं, उलटी करा! केली. आता चटईच्या मागच्या बाजूला तेच चित्र असतं, रंग तेवढे उलटे. नानांचं तोंड हिरवंगार, बुबुळं पांढरी! एक गृहस्थ हात जोडून बाहेरच पडले. पुन्हा सुलटी केली. वना आबा पुटपुटले, "पुढला साल सरळ फ्लेक्स. मांगे सूर्य..." वाघ दिसायला लागला मला, वाघ!

तेवढ्यात कोकिळाअक्का आल्या. नानांच्या मंडळी. यंदा त्यांचा सत्कार होता. काठी टेकत सरळ चटईवर, ऐन नाकावर जाऊन पाय पसरून बसल्या! मी कडेकडेने धावले, "अक्का, अहो, नानांवर बसलात!"

अक्कांनी चष्मा पुसला, वाकून नाक पाहिलं, मिशी बोटाने चाचपली. "कोन नाना? हाऊ आम्हना नाना नही!"

वना आबांचा हात मिशीवर गेला, प्रेमराजभाऊंनी नाकाला रुमाल लावला, आणि सगळा हॉल... बसला! धपाधप! कोणी गालावर, कोणी कपाळावर, कोणी मिशीवर मांडी घालून! झाली परिषद सुरू! आणि प्रेमराजभाऊ हळूच माझ्या कानाशी, "बठ्ठं झकास शे ताई, फक्त... ती पापडवाली बाई तुम्ही काढून का टाकली हो?"

मी मटकन अक्कांशेजारी बसले. म्हटलं, अक्का, नाना नाहीत, तर मग हा आहे तरी कोण?

अक्कांनी पाय आणखी लांब केले.

"कोन का रहेना माय... बसाले गार शे."