दाजींचा अर्धा पेला

पाहुण्याला गाव दाखवायचं काम आमच्या आप्पांना कधी सांगू नये. ताईचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, मुंबईचे. त्यांना शिरोलीच्या कारखान्यात नोकरी चालून आली म्हणून ते कोल्हापूर बघायला आले. गाव पसंत पडलं तरच ताई इकडे राहायला येणार होती. आप्पांनी त्यांना आणि मला सकाळीच नेलं कुठं, तर गंगावेशीत म्हशीचं दूध प्यायला! समोर धार काढून दिलेला पेला दाजींनी कसाबसा संपवला.

"जावईबापू, आणखी एक!"

"आप्पा, पुरे की! त्यांना सवय नाही."

"तू गप गं! एका पेल्यावर कोण उठतंय व्हय?"

दुसऱ्या पेल्याला दाजींना तिथेच उलटी झाली. म्हैसवाल्यानं बिचाऱ्यानं त्यांची पाठ चोळली.

"झालं समाधान? आता ताई येत नाही!" घरी येईपर्यंत मी आप्पांना बोलत होते.

दुसऱ्या सकाळी दाजी घरात नव्हते. पळाले, असं समजून मी सायकल काढली. तर ते त्याच म्हशीपाशी बसलेले, हातात पेला.

"आप्पांना सांगू नकोस," ते म्हणाले. "आज अर्धा जमला. रुजू होईपर्यंत पुरा जमेल."