लेले मास्तरांचा पट्टा

हसू नका, चहा घ्या आणि ऐका. दप्तरं शिवण्यात माझी हयात गेली. कड्यावर चढताना कमरेला दोर बांधायचे पट्टे तेव्हा पुण्यात मिळत नव्हते, म्हणून लेले नावाचा एक मास्तर माझ्याकडून शिवून घ्यायचा. जाड नायलॉनचा दोरा स्वतः आणून द्यायचा.

"चाचा, यावर माझा जीव लटकणार आहे."

"मग जमिनीवर राहा की!"

एका रविवारी तो नवा पट्टा घेऊन गेला. मी मशीनचा खण उघडला, तर नायलॉनचं रीळ तसंच पडलेलं. पट्टा मी दप्तराच्या सुती दोऱ्यानं शिवला होता!

तो चढायचा सराव करायचा त्या बिबवेवाडीमागच्या खाणीवर सायकल हाणत पोचलो. मास्तर तीस फूट वर. ओरडावं तर दचकून पडेल, गप्प बसावं तर शिलाई उसवेल. तेवढ्यात त्याचा हात सुटलाच. मी डोळे मिटले. उघडले, तर हा दोराला लटकून हसतोय.

खाली आल्यावर मी पट्टा हिसकावून घेतला आणि खिशातल्या कात्रीनं कापला.

"अहो चाचा, एवढा मजबूत पट्टा कापता?"

"मजबूत तुमचं नशीब आहे, मास्तर. शिलाई दप्तराची आहे."