पहिला पेशंट

राजधानीत, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये, थाळीच्या रांगेत माझ्यापुढे एक बहीण-भाऊ उभे होते.

"ताई, उद्या फीत कापायला दुसरं कोणी बघ."

"का? हाताच्या ऑपरेशनचं हॉस्पिटल आहे, तर पहिल्या पेशंटनेच कापावी. बाबांच्या नावाला शोभेल असं काहीतरी हवं, अंशुमन."

"तो पेशंट आपल्याच मानेसरच्या प्लांटचा आहे."

"मग तर बिल्कुल छान."

"आपल्याच पत्रा दाबायच्या प्रेसखाली त्याची बोटं गेली."

"माहितीये. म्हणून तर हॉस्पिटल काढलं ना मी?"

"हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर त्या दिवशी बंद होता."

"हळू बोल. इथे सगळे मराठी आहेत."

"असू देत. बाबा असताना तो सेन्सर कधीच बंद नसायचा."

"बाबा असताना एवढ्या ऑर्डरी तरी कुठे होत्या? कंपनी मी वाढवली, म्हणून तुझा हॉस्पिटलचा ट्रस्ट चालतो."

"मीही तेच म्हणतोय. पेशंटही कंपनीच पुरवते."

"सेन्सर चालू ठेवला की माल निम्माच निघतो, यार. ते नंतर बघू. तो येतोय ना नक्की?"

"येतोय. हात जोडून हो म्हणाला. फक्त एक विचारत होता."

"पैशांचं?"

"नाही. सुट्टी संपली की पुन्हा त्याच मशीनवर लावणार का, एवढंच."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मॅडमना विचारून सांगतो."

काउंटरवरच्या माणसाने दुसऱ्यांदा विचारलं, "मॅडम, कितनी थाली?"