रोज पन्नास ग्रॅम

सुधाताई, मंडळातले सगळे काका-मावशी, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे मित्र, सगळ्यांना नमस्कार. या हॉलमध्ये आपण गणपतीला जमतो, आज अक्कांसाठी जमलोय. मला बोलणं जड जातंय. माझं नाव निखिल. टी. नगरला कमलाक्कांच्या घरी माडीवरच्या खोलीत मी दोन वर्षं भाड्यानं राहतो. भाषण मला येत नाही, भांडण येतं. चार ओळी लिहून आणल्या होत्या, त्या कागदाचा हातातच लगदा झाला. तेव्हा सुचेल तसं बोलतो.

मघाशी एक काका म्हणाले, अक्कांनी या पोराला सुधारलं. काका, राग मानू नका. अक्का इथे असत्या तर त्यांनी तुम्हाला मध्येच थांबवलं असतं. "सुधारायला तो बिघडला कुठे होता? आजारी होता." जन्मभर मेडिकल कॉलेजात मेंदू शिकवलेली बाई. चुकीचं वाक्य त्यांना सहन व्हायचं नाही.

मी सांगलीहून इंजिनिअरिंगला इथे लांब दक्षिणेत आलो. तिसऱ्या वर्षात एका मुलीनं मला नाही म्हटलं. तिचं नाव घेत नाही, तिचा काही दोष नाही. मी कॉलेज सोडलं. भांडून सोडलं, सरांच्या टेबलावर आयकार्ड आपटून. आणि मग तिचा मेसेज येतो का ते फोनवर बघत खोलीत पडून राहिलो. रडत नव्हतो. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. भूक लागायची, पण उठून खाण्याइतकं काही हवंसं वाटायचं नाही. घरून फोन यायचा, बाबा म्हणायचे आळशी झालास. मलाही तेच वाटायचं.

एके दिवशी अक्का वर आल्या. गुडघे दुखत असताना, जिना चढून. स्टूल ओढलं, बसल्या.

"आंघोळ कधी केलीस?"

मी म्हणालो, "तुम्हाला काय करायचंय?"

"मला नाक आहे, डा."

त्यांची ती तंजावरी मराठी, 'रे'च्या जागी 'डा'. रागवायचं ठरवलं तरी हसू यायचं.

मग म्हणाल्या, तो फोन इतक्या वेळा बघतोस, बघून बरं वाटतं का? मी म्हटलं, नाही. मग का बघतोस? मी फोन उशीखाली सारला. तेव्हा त्यांनी सांगितलं, मेंदूत एखादी गोष्ट आवडण्याची वाट वेगळी आणि ती हवीशी वाटण्याची वाट वेगळी. दोन्ही शेजारी आहेत, म्हणून माणूस फसतो. मेसेज कधी येतो, कधी येत नाही, तेव्हा ती हवंसं वाटण्याची वाट जास्तच पेटते. तुझी सगळी ओढ त्या एका फोनला चिकटलीय. भात, आंघोळ, अभ्यास यांच्या वाट्याला काही उरलेलं नाही. "याला आळस म्हणू नको. आळशी माणसाला झोपून मजा येते. तुला येते का?"

मला इतके महिने कोणी हा प्रश्न विचारला नव्हता.

त्याच आठवड्यात त्या मला एग्मोरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. गोळ्या सुरू झाल्या. आणि अक्कांनी स्वतःचं एक औषध जोडलं. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून ताजी दळलेली कॉफी पावडर आणायची. फक्त पन्नास ग्रॅम. मी म्हटलं, अक्का, एकदम अर्धा किलो आणतो. "नको. वास जातो." मी म्हटलं, आज नाही वाटत जावंसं. "सेरी, बरं. न वाटता जा. वाटणं मागून येतं. आधी पाय हलले की मेंदूला कळतं, अजून काही मिळण्यासारखं आहे." दुकानदार मला बघून हसायचा, तुझी पाटी एवढी कंजूष का रे? पाटी म्हणजे आजी. मी त्याच्याशीही भांडलो.

पण वाटणं खरंच मागून आलं. हळूहळू. मी गोदामात नोकरीला लागलो. गाड्यांचे सुटे भाग मोजतो, आवडतं मला ते.

आता जे सांगायचंय ते सांगतो. सुधाताईंना, अक्कांच्या लेकीला, विचारून सांगतोय.

महिन्यापूर्वी त्या मुलीचा फोन आला. नुसतीच चौकशी. बोलता बोलता गोळ्यांचं निघालं. ती म्हणाली, अजून घेतोस? बस. लाज वाटली, डोकं फिरलं. त्या दिवसापासून गोळ्या बंद, डॉक्टरांना न विचारता. अक्कांना कळलं तेव्हा मी त्यांच्यावरच ओरडलो. सगळं रसायनच आहे ना तुमच्या मते? मग माझं प्रेमसुद्धा रसायन. खोटं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "कोवलमचा समुद्र म्हणजे पाणी आणि मीठ. म्हणून त्यात कोणी बुडत नाही का? त्यात होड्या चालत नाहीत का? कशाचं बनलंय ते कळलं की ते खोटं होतं, हे तुला कोणी शिकवलं?"

मी दार आपटून वर गेलो. आठ दिवस खाली उतरताना त्यांच्या दाराकडे पाहिलं नाही. पुन्हा तेच सुरू झालं होतं, उठवत नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी जिन्याखालून हाक मारली, "निखिल, पावडर संपली रे." मी ऐकलं. पडून राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचं हृदय थांबलं.

परवा सुधाताईंनी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं आणि मला बोलावलं. आत खालपासून वरपर्यंत पन्नास ग्रॅमच्या पुड्या होत्या. बांधलेल्या, न फोडलेल्या. ताई म्हणाल्या, "आईची कॉफी डॉक्टरांनी कधीच बंद केली होती. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. मी रोज त्यांच्या समोर बसून कॉफी प्यायचो. त्यांच्या पेल्यात गरम पाणी असायचं. इतके दिवस मला ते दिसलं नाही.

पावडर संपलेली नव्हती. कधीच संपलेली नव्हती. त्या हाकेचा अर्थ मला आता कळतो. आणि मी उठलो नाही, हे मला आयुष्यभर माहीत राहील.

त्याच दुपारी मी डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे गोळ्या परत सुरू केल्या. लगेच बरं वाटत नाही. आज सकाळीही उठावंसं वाटत नव्हतं. न वाटता उठलो. दुकानात गेलो. दुकानदारानं नेहमीसारखी पुडी बांधली आणि आज तो हसला नाही.

ही ती पुडी. त्यांच्या फोटोपाशी ठेवतो. तुमच्या घरात कोणी असं पडून असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी स्टूल घेऊन त्याच्या शेजारी बसा. एवढंच मागतो.

अक्का, आणलीय. आता उभे राहू या, दोन मिनिटं कोणी काही बोलू नका.